पुठ्ठ्याची बोट

माझे धाकटे दीर सुतार आहेत, पण लाकडाइतकाच पुठ्ठाही त्यांच्या हाताखालून गेला आहे. गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर करून हवं असलं की भाऊजी आधी ते सगळं पुठ्ठ्यात उभं करतात. ओटा, खालची कपाटं, वरचे कप्पे, फ्रिजची जागा, सगळं खऱ्या मापाचं. मग त्या घरच्या बाईंना आत उभं करून सांगतात, "आता भांडी घासा." बाई हवेत भांडी घासतात. कोपर कुठे आपटतं, वरचा डबा काढताना टाचा उचलाव्या लागतात का, हे भाऊजी बाजूला उकिडवे बसून बघतात. मग कटरने इथे बोटभर कमी, चिकटपट्टीने तिथे बोटभर जास्त. बाईंचं समाधान झालं की मगच लाकडाला करवत लागते. "पुठ्ठा चुकला तर रद्दीत जातो, लाकूड चुकलं तर अब्रू जाते," हे त्यांचं वाक्य आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. त्यांना सगळे पुठ्ठेसाहेबच म्हणतात. दुकानाच्या पाटीवर निराळं नाव आहे, पण त्या नावाने चौकशी केली तर पत्ता कोणी सांगू शकणार नाही.

त्यांचं लग्नही पुठ्ठ्यातच जमलं. बोलणी चालू असताना त्यांनी नव्या घरातलं स्वयंपाकघर पुठ्ठ्यात उभारलं आणि मुलीला बघायला बोलावलं. म्हणजे मुलीने स्वयंपाकघर बघायचं. माझे यजमान तेव्हा होते. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, ती नवरी आहे, गिऱ्हाईक नाही." मुलगी मात्र ओट्यापाशी उभी राहिली, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दोन बोटं खाली घ्या." भाऊजी गुडघ्यांवर बसले आणि तिथल्या तिथे दोन बोटं कापली. "माझ्या दोन बोटांसाठी जगात कोणी गुडघे टेकेल असं वाटलं नव्हतं, ताई," असं तिने नंतर मला सांगितलं. तीच माझी जाऊ. मी तिला धाकटी म्हणते.

पुढे स्वयंपाकघर लाकडात झालं. बाकीचं घर व्हायचं राहिलं, कारण गिऱ्हाइकांची कामं आधी. बाहेरच्या खोलीतलं कपाट अजूनही पुठ्ठ्याचा नमुनाच आहे. त्याला लाकडाचा रंग दिलाय, रंगात रेषासुद्धा काढल्यात. धाकटी त्यात हलके कपडे ठेवते. हिवाळ्याचे कोट शेजारी माझ्या घरी असतात. भाऊजींचे जावई दातांचे डॉक्टर आहेत. ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा पुठ्ठ्याच्या खुर्चीवर बसले आणि थेट जमिनीवर पोचले. "एवढं झाल्यावर त्यांना नाही कसं म्हणायचं?" म्हणून लग्न ठरलं, असं धाकटी सांगते. त्यांची मुलगी ते नाकारते, पण फार जोराने नाही.

सहलींचंही तसंच झालं. लग्नानंतर थंड हवेच्या ठिकाणी जायचं होतं. बॅगेत काय काय मावेल ते बघायला भाऊजींनी पुठ्ठ्याची बॅग केली. तिचं झाकण नीट बसेपर्यंत तिथली थंड हवा गरम झाली. मुलगी लहान असताना रानात तंबू ठोकून राहायचं ठरलं. तंबूचा नमुना गच्चीवर लावला. तो वाऱ्याने उडून समोरच्या बँकेच्या छपरावर जाऊन बसला, आणि बँकेने तो परत द्यायला इतकी पत्रं लिहायला लावली की शाळा सुरू झाली. दर वेळी धाकटी बांधलेलं सामान सोडायची आणि म्हणायची, "नमुना तरी छान झाला होता."

या वर्षी तिने तसं म्हणायचं नाही असं ठरवलं होतं.

दर रविवारी मुलगी, जावई आणि नात जेवायला येतात. शेजारी असल्यामुळे मीही असते. त्या रविवारी जावईबापूंनी सहल कंपनीची दोन रंगीत पत्रकं टेबलावर ठेवली. एकावर पांढरी बोट, दुसऱ्यावर डोंगर आणि बस.

"बोटच," जावईबापू म्हणाले. "एकदा सामान ठेवलं की ठेवलं. हॉटेल आपल्याबरोबर फिरतं. सकाळी डोळे उघडले की नवा देश." दातांच्या डॉक्टरांना समोरच्याचं तोंड उघडं असताना बोलायची सवय असते, उत्तराची वाट बघायची नसते. ते बराच वेळ बोलले.

"आणि मध्येच उतरावंसं वाटलं तर?" भाऊजी म्हणाले. "बसमधून उतरता येतं. बोटीतून उतरून माणूस जाणार कुठे?"

"बाबा, उतरायचं कशाला पण?" मुलीने विचारलं.

"कशाला ते नंतर ठरवता येतं. आधी उतरता आलं पाहिजे."

नातीने विचारलं, "पोहायचा तलाव कशात आहे?"

"बोटीत," तिचे बाबा म्हणाले.

"समुद्रात तलाव कशाला?" भाऊजींनी विचारलं.

धाकटी ताटं उचलत होती. उचलता उचलता ती म्हणाली, "मला कशानेही चालेल. पण येता शुक्रवार सोडून पुढच्या शुक्रवारनंतर या हंगामाचं बुकिंग बंद होतंय, पत्रकावर लिहिलंय. त्या शुक्रवारी संध्याकाळी मी तिथे जाऊन पैसे भरणार. तोवर तुमचं ठरलं तर तुमच्या म्हणण्यासारखे. नाही ठरलं तर माझ्या मनाला येतील तसे. या वर्षी मी जाणार म्हणजे जाणार."

भाऊजींनी पत्रक उचलून डोळ्यांपासून लांब धरलं.

"आधी नमुना करू," ते म्हणाले.

मला वाटलं आता ताटं पडणार. पण धाकटी शांतपणे म्हणाली, "करा. पण दोन दिवस सराव, आणि लगेच निकाल."

सहल कंपनीचं ऑफिस एका चपलांच्या दुकानावर आहे. भाऊजी तिथे टेप घेऊन गेले आणि बोटीतल्या खोलीची आतली मापं मागितली. तिथल्या सहलवाल्याने मला पुढे स्वतःच सांगितलं, "बाई, लोक विचारतात जेवण असतं का, वायफाय असतं का. यांनी विचारलं दार आत उघडतं का बाहेर." त्याने कंपनीला फोन केला. कंपनीने विचारलं, किती माणसांची खोली. भाऊजींनी सांगितलं. मापं आली.

पुढचे काही दिवस भाऊजींनी दुकान बंद ठेवलं. सोफा बाल्कनीत गेला. बाहेरच्या खोलीत बोटीतली खोली उभी राहिली. भिंती पुठ्ठ्याच्या. पलंग एकावर एक, दोन या बाजूला आणि दोन त्या बाजूला. पलंगांना आतून लाकडाची चौकट, कारण एकदा जावई पडलेले पुरेत. न्हाणीघर असं, की उभं राहिलं तर आरसा, बसलं तर संडास आणि वळलं तर अंघोळ. भिंतीला गोल खिडकी. खिडकीबाहेर, म्हणजे कपाटाच्या बाजूला, नातीने समुद्र रंगवला. त्यात एक हसणारा देवमासा होता आणि लांबवर एक बोट बुडत होती.

"ही कोणाची?" तिच्या आजोबांनी विचारलं.

"दुसऱ्यांची," ती म्हणाली. "आपली नाही."

सगळी खोली भाऊजींनी ड्रॉवरच्या चाकांवर बसवली आणि तिला दोरी बांधली. बोट डोलली पाहिजे. पण डोलवणार कोण? प्रवासी तर सगळे आत. शेवटी दोरीचं दुसरं टोक स्वयंपाकघरात नेऊन धाकटीच्या घोट्याला बांधलं, म्हणजे हात कामाला मोकळे राहतील.

"आणि मी काय करू?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही किनारा," भाऊजी म्हणाले. "या स्टुलावर बसा आणि हलू नका."

कॉन्व्हेंटच्या शाळेत आमच्या सिस्टर पाठ ताठ ठेवून बसायला लावत. ते शिक्षण इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. मी हात हलवून निरोप दिला, कुकरची शिट्टी झाली आणि बोट बंदरातून निघाली.

शनिवारची सकाळ ठीक गेली. प्रवासी पलंगांवर पडून समुद्राच्या गप्पा मारत होते. खिडकीतून हुकूम येत होते, "चहा मिळेल का?", "जरा खारी बिस्किटं?" धाकटी एका पायाने बोट हलवत ओट्यापाशी उभी होती. ट्रे देऊन परत ओट्याकडे येताना दोरी ताणली जायची आणि बोट एकदम पुढे यायची, तेव्हा आतून कौतुकाचे आवाज यायचे, "बघा, लाट!"

दुपारी जावईबापू आतून म्हणाले, "आई, सूप जरा गारच वाटतंय हं. बोटीवर असं चालत नाही."

धाकटी बटाटे चिरत होती. तिचा पाय वेग घ्यायला लागला. आधी हळू, मग बटाट्यांच्या तालावर. खोली कपाटापर्यंत जाऊन परत येऊ लागली. आत भांडी पडल्याचा आवाज झाला, मुलगी ओरडली, नात खदखदून हसली, आणि गोल खिडकीतून जावईबापूंचा चेहरा बाहेर आला. रंग कच्च्या पेरूसारखा. पुढचं सगळं देवमाशावर झालं.

"खऱ्या बोटीला इतका पाय नसतो," जावईबापू नंतर सोफ्यावर, म्हणजे बाल्कनीत, आडवे पडून क्षीण आवाजात म्हणाले.

"वादळ होतं," धाकटी म्हणाली आणि समुद्र पुसायला गेली.

दुसऱ्या दिवशी जमीन. आतल्या बोळात दोन दोन खुर्च्यांच्या रांगा लावून बस केली. जावईबापू अजून फिकट होते, म्हणून त्यांना चालक केलं. भाऊजी प्रवासीही होते आणि गाइडही. ते मान मागे वळवून सांगत, "डावीकडे बघा, उंच हिमशिखर."

"तो फ्रिज आहे, आजोबा."

"वरचा कप्पा बर्फाचाच असतो. पुढे चला."

भाऊजींचं म्हणणं, जमिनीवरच्या सहलीची खरी परीक्षा मुक्कामात असते. म्हणून दर थोड्या वेळाने बस थांबायची, सगळे बॅगा उचलून झोपायच्या खोलीत जायचे, बॅगा उघडायचे, पडायचे, पुन्हा बॅगा भरायचे आणि पुढच्या मुक्कामासाठी मधल्या खोलीत. पण बस पोचायच्या आत हॉटेल तिथे पोचलेलं हवं. त्यामुळे धाकटी दोन्ही हातांत चादरी घेऊन पुढे धावायची. या खोलीत चादरी घातल्या की त्या काढून त्या खोलीत. हॉटेल दमून गेलं होतं. त्यातच मुलगी आणि तिचे बाबा खिडकीच्या जागेवरून भांडले. बोळात खिडकी नाही, पण भांडण खरं होतं. त्यात तिच्या लहानपणीची सायकल निघाली, तिच्या परीक्षेच्या वेळचं पुठ्ठ्याचं टेबल निघालं. "त्या टेबलावर कोपर ठेवलं तर वही खाली जायची, बाबा! मी उभ्याने अभ्यास केलाय!" "म्हणून तर पाठ सरळ आहे तुझी!" चालक मागे न बघता हॉर्न वाजवत राहिला.

जेवायच्या मुक्कामी जावईबापूंनी चमचा वाजवला. "वेटर! ऑम्लेट कुठे आहे? मॅनेजरला बोलवा."

धाकटी आत गेली. तिने एप्रन काढला, उलटा करून बांधला आणि बाहेर आली.

"बोला. मीच मॅनेजर."

सगळे हसले. मीही हसले. तीही हसली असावी, पण तिची पाठ आमच्याकडे होती.

जेवण झाल्यावर निकालाला बसले. अजब म्हणजे दोघांची मतं उलटी झाली होती. जावईबापू आता जमिनीच्या बाजूचे, कारण त्यांना अजूनही सगळं डोलत होतं. भाऊजी बोटीच्या बाजूचे, कारण खोली त्यांनी स्वतः बांधली होती आणि तिचा एकही सांधा सुटला नव्हता. मुलगी म्हणाली, बाबा जे म्हणतील त्याच्या विरुद्ध. नात म्हणाली, बोट, पण वादळासकट. दोन दोन मतं झाली.

"आता तू सांग गं," भाऊजी धाकटीला म्हणाले. "तुझ्या मतावर आलंय. बोट की बस?"

धाकटीने एप्रनला हात पुसले. "आधी मला हे सांगा, मी कुठे बसले होते?"

"म्हणजे?"

"म्हणजे बोटीत. या इकडे." ती बोटीतल्या खोलीत शिरली आणि एकेका पलंगावर हात ठेवत गेली. "हा जावईबापूंचा. हा हिचा. वरचा छोटीचा. हा तुमचा, उशीवर तुमचा चष्मा आहे. माझा कुठला?"

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी पलंगांकडे बघितलं, मग मान वाकवून पलंगांखाली बघितलं, आणि मग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी खिशातून टेप काढून दोन पलंगांमधली मोकळी जागा मोजली. जणू पाचवा पलंग कुठेतरी असणार आणि मापातून निघणार.

"बसमध्ये?" धाकटीने विचारलं.

नात पळत जाऊन बघून आली. "चार खुर्च्या, आजी."

"कंपनीने खोलीची मापं दिली ती..." भाऊजींनी सुरुवात केली.

"कंपनीला तुम्ही माणसं किती सांगितलीत?"

भाऊजींनी टेप हळूच मिटून खिशात ठेवला. सगळ्या आयुष्यात ज्या माणसाचं माप कधी चुकलं नाही, त्याने घरातली माणसं मोजताना स्वतःची बायको सोडली होती. आणि दोन दिवस आम्ही कोणीच ते ओळखलं नव्हतं, कारण कोणीतरी सतत चहा आणत होतं आणि चहा येत असला की आणणारा बसलाय कुठे, हे कोण बघतं?

"आई, बाबांच्या मनात तसं काही नव्हतं," मुलगी म्हणाली.

"तेच तर म्हणतेय. मनात नव्हतं." धाकटी पलंगावर टेकली. त्या दोन दिवसांत ती पहिल्यांदाच बसत होती. "या सबंध घरात माझ्या मापाची एकच वस्तू आहे, ओटा. तो मात्र अगदी बरोबर केलात हो. दोन बोटंसुद्धा इकडची तिकडे नाहीत."

नातीला हे सगळं फार गंभीर वाटलं असावं. ती समजूत घालत म्हणाली, "आजोबा विसरले नाहीत काही. आजी तर बोटीचं इंजिन होती ना."

"बरोबर," धाकटी म्हणाली. "आणि इंजिनाला तिकीट लागत नाही."

मग ती उठली आणि माझ्याकडे येऊन तिने शांतपणे विचारलं, "ताई, आज रात्री तुमच्याकडे जेवले तर चालेल का? तुम्ही वाढाल ना?"

पुढच्या आठवड्यात भाऊजी चूक दुरुस्त करायला लागले. स्वभावच तो. पाचवा पलंग बनवला. पण खोली भरलेली. तो आत बसेना. उभा करून बघितला, आडवा करून बघितला, न्हाणीघरावरून नेऊन बघितला. शेवटी दारातून अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसला. त्यामुळे ज्याला स्वयंपाकघरात जायचं त्याला पलंगाखालून वाकून जावं लागायचं. भाऊजींनी त्यावर उशी ठेवली, चादर घातली, चादरीच्या कडा स्वतः खोचल्या, आणि धाकटीला बोलावलं. मी तिच्याबरोबर होते.

धाकटीने बघितलं.

"हा बोटीच्या बाहेर आहे," ती म्हणाली.

"जरा बाहेर आहे."

"म्हणजे समुद्रात."

"अगं, नमुना आहे हा..."

"अहो, माझा नमुना नेहमी समुद्रातच का?"

ती वाकून पलंगाखालून गेली आणि दुधाखालचा गॅस बंद केला. भाऊजी तिथेच बसून राहिले.

"वहिनी," चादरीची कड पुन्हा खोचत ते म्हणाले, "ती खरंच जाईल हो?"

"जाईल," मी म्हटलं.

"आमच्याशिवाय?"

"तुम्ही तिच्याशिवायच निघाला होतात, भाऊजी."

शुक्रवारी संध्याकाळी धाकटीने पर्स घेतली आणि मला सोबत घेतलं. चपलांच्या दुकानाचा जिना चढून आम्ही वर पोचलो, तर मागून पावलं वाजली. चौघंही आले होते. भाऊजी पुढे, त्यांच्या मागे जावईबापू, मुलगी, नात. सगळे भिंतीला टेकून रांगेत उभे राहिले, गुन्हा केलेल्या वर्गासारखे.

"बोला," सहलवाला हात चोळत म्हणाला. "ठरलं का? जल की थल?"

"एक जण, बोटीने," धाकटी म्हणाली.

सहलवाल्याने मागच्या रांगेकडे बघितलं, मग तिच्याकडे. "एकट्या माणसाला खोली दोघांची घ्यावी लागते. दुसरा पलंग रिकामा गेला तरी पैसे पडतात."

रांगेत हालचाल झाली. भाऊजींनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांचा चेहरा मला दिसत होता. दुसरा पलंग आपला, असं त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

"दुसरा ताईंचा," धाकटी म्हणाली.

मला तिने काही विचारलं नव्हतं. पण मी मान हलवली. खरं सांगायचं तर तोवर मला जावंसंच वाटायला लागलं होतं.

"आणि या चौघांना बस द्या," ती पुढे म्हणाली. "किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी. बोट ज्या बंदरांना लागते तिथे थांबणारी असेल तर बरं. त्यांना चौघांचाच सराव आहे."

"आई!" मुलगी म्हणाली.

"भेटू ना बंदरावर. रोज संध्याकाळी नाही, पण भेटू."

सहलवाल्याला इतक्या वर्षांत एकाच घराला बोट आणि बस दोन्ही विकायची संधी मिळाली नव्हती. त्याने खालच्या दुकानातून सगळ्यांसाठी थंड पेय मागवलं. भाऊजींनी आपला पेला हातातच धरून ठेवला.

खऱ्या बोटीतली खोली भाऊजींनी केलेल्या खोलीपेक्षा लहान वाटली. त्यांचं काम अधिक नेटकं होतं, हे धाकटीनेही मान्य केलं. पहिल्या दिवशी ती बुटांसकट पलंगावर आडवी झाली आणि कान देऊन ऐकत राहिली. "कोणीतरी हलवतंय, ताई, आणि तो पाय माझा नाही," ती म्हणाली, आणि इतकी हसली की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली. खोली आवरायला एक पोक्त माणूस यायचा. सुरुवातीला त्याच्या आधी उठून ती पलंग नीट करून ठेवायची. शेवटी तो दारात उभा राहून म्हणाला, "बाई, तुम्ही माझी नोकरी घालवणार का?" त्यानंतर ती रोज सकाळी चादर मुद्दाम चुरगाळायची, त्याचं मन दुखावू नये म्हणून.

पहिल्या बंदरात चौघंही उभे होते. छोटी हात हलवत होती. बाकी तिघांची मात्र रया गेलेली. बसच्या मुक्कामाला खोलीतच छोटं स्वयंपाकघर होतं, आणि पुढे धावत जाणारं हॉटेल कोणी नव्हतं. जावईबापू भांडी घासतात आणि घासताना त्यांचं बोलणं कोणी ऐकत नाही, अशी बातमी नातीने दिली. दुसऱ्या बंदरात ते उशिरा आले, कारण उशांचे अभ्रे कोणी काढायचे यावरून वाद झाला होता. धाकटीने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं, बोटीवरच्या तलावात पोहणारी माणसं छोटीला लांबून दाखवली आणि भोंगा होताच वर गेली.

तिसऱ्या बंदरात भाऊजी एकटेच होते. धक्क्यावर कोळ्यांची जाळी वाळत टाकलेली होती, त्यांच्या कडेने ते थर्मास घेऊन उभे होते. शर्टाला इस्त्री नव्हती.

"बाकीचे कुठे?" धाकटीने विचारलं.

"झोपलेत. दमले. जावईबापूंनी हात भाजून घेतलाय, टोस्ट करताना." त्यांनी थर्मासचं झाकण काढलं. "चहा आणलाय. मी केलाय."

त्यांनी बरोबर आणलेल्या एका कपात तो ओतला. धाकटीने घोट घेतला आणि डोळे बारीक केले.

"यात काय घातलंय?"

"चहा."

"आणखी?"

"आणखी काही नाही. पुन्हा पुन्हा उकळलाय, तेवढंच. बोट कधी येणार ते कळत नव्हतं, म्हणून तयार ठेवला."

तिने सगळा संपवला. मी लाटांकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

"तुझा पलंग केवढा आहे गं?" भाऊजींनी विचारलं.

"छान आहे."

"छान हे माप नाही."

तिने दोन्ही हात समोर धरून दाखवलं, एवढा. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला, पण त्यांनी टेप काढला नाही. नुसतंच तिच्या दोन तळव्यांमधल्या जागेकडे बघत राहिले.

"यात दोघं मावत नाहीत," ते म्हणाले.

"नाही मावत," धाकटी म्हणाली. फार समाधानाने म्हणाली.

बोटीचा भोंगा झाला. मी शिडीकडे वळले, पण धाकटी हलेना. भाऊजींनी तिच्या हातातला कप घेतला होता आणि धक्क्यावरच्या नळाखाली धरून ते तो धुवत होते. माणसं सामान घेऊन भराभर वर चढत होती. ती मात्र हाताची घडी घालून तो कप धुतला जाताना बघत होती. पत्रकात छापलेली ठिकाणं लोक बघतात ना, तशी, अगदी मन लावून.

भाऊजींनी कप झटकला आणि वर धरला. धाकटीने आत डोकावून बघितलं.

"बुडाशी राहिलंय," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा नळ सोडला.